चव्वेचाळीस पहाटा

माझे अक्षर चांगले नाही आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधीच नीट कळले नाही, म्हणून शंका आली की मी वेलांटी अशी काढते की ती कोणतीही समजावी. मुलीच्या जुन्या वहीची मागची पाने कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. वही कोणाला दाखवायची नाही. तरी कोणाच्या हाती पडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. तोंडाने सांगता आले असते तर मी लिहायला बसलेच नसते.

काकाजी माझ्या नात्याचे नव्हते. पवनीत आमच्या घरापासून चार घरे सोडून त्यांचे मागाचे घर होते. सहा हातमाग आणि त्यांवर लुगडी निघत. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकी, म्हणून मीही म्हणू लागले. माझे माहेर आसगाव. तिथे धानाशिवाय दुसरे काही मी पाहिले नव्हते. सूत हातात आले ते लग्नानंतर.

काकाजींकडे काम मागायला गेले की ते काय येते म्हणून विचारत नसत. मजुरीही मागाहून. आधी वेळ. मी गेले तेव्हा सासूबाई पुढे होत्या आणि मी त्यांच्या पाठीमागे.

"वेळ कोनती?" काकाजींनी विचारले.

"तुमी म्हनाल ते," सासूबाई म्हणाल्या.

"तुमाले नाई विचारलं, बाई. हिले विचारलं. मी कोनालेच वेळ सांगत नाई. मी सांगितली अन् तिनं मोडली, तर ते मलेच शिव्या देईन. तिनं सोता सांगितली अन् मोडली, तर तिले तिचीच लाज वाटन."

मी जमिनीकडे पाहत "पहाटे" म्हटले. सासूबाईंनी घरून तेच शिकवून आणले होते. पहाटेच्या कामाला दीड रुपया मिळे आणि मागितली तर पेशगीही, म्हणजे आगाऊ पैसे. आम्हाला पेशगी पाहिजे होती. माझ्या मालकांना गावाबाहेरच्या धानाच्या गिरणीत काम लागले होते, रोज पायी जाणे-येणे होत नव्हते आणि एक जुनी सायकल पंचाहत्तर रुपयांत मिळत होती, नगरपालिकेच्या कराच्या बिल्ल्यासकट. काकाजींनी आत जाऊन पंचाहत्तर रुपये आणले आणि माझ्या हातावर ठेवले, सासूबाईंच्या नाही.

"पन्नास पहाटा झाल्या," ते म्हणाले. "आजपासून तुह्या पन्नास पहाटा माह्या."

मी मान हलवली. मी सगळ्याला मान हलवत असे.

काकाजींना वेळेचे वेड होते असे लोक म्हणत, पण त्यांच्या घरी घड्याळ नव्हते. त्यांचे वेड शब्दाचे होते. एकदा त्यांना साकोलीला भाचीकडे जायचे होते. आदल्या दिवशी बस स्टँडवर जाऊन त्यांनी कंट्रोलरला गाडीची वेळ विचारली. दुसऱ्या दिवशी पोट बिघडले, जाणे रद्द. कोणीही घरी पडून राहिला असता. काकाजी पोट धरून स्टँडवर गेले आणि खिडकीतून म्हणाले, "बाबू, मी आज नाई येऊन राहिलो. माही वाट नका पाहू." कंट्रोलर हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीतली माणसे त्यांना चिडवत, "काकाजी, गाडी थांबली हाय तुमच्यासाठी, डायवर रडून राहिला." काकाजी चिडत नसत. म्हणत, "मी विचारलं होतं ना गा त्याले. विचारलं म्हंजे येतो म्हटलं."

लग्नात तर त्यांना बोलवायलाच लोक भीत. मुहूर्ताला ते बरोबर मांडवात हजर. एका लग्नात वरात बँडच्या नादात चौकातच अडकली होती. मुहूर्त झाला, पाटावर कोणी नाही. काकाजी उठले, रिकाम्या पाटावर अक्षता टाकल्या, आहेराची पाच रुपयांची नोट मुलीच्या बापाच्या हातात दिली, "सुखी राहो," म्हणाले आणि जेवणही न करता घरी आले. काकी मात्र जेवून, वरात पाहून, सावकाश आल्या. मला सांगताना त्या म्हणायच्या, "चाळीस वरसं झाले वं, एकबी लग्न पुरं पाह्यलं नाई या मानसानं."

माणूस उशिरा आला तर ते ओरडत नसत. त्याच्या जागेवर बसून त्याचे काम करू लागत. तो आला की उठून जागा देत. तोंडातून एक शब्द नाही. यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे सगळे म्हणत.

आता पांजणीबद्दल लिहिले पाहिजे, त्याशिवाय माझे पुढचे कळणार नाही. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावतात, म्हणजे भाताची पातळ पेज. ते काम घरात होत नाही, ताणा फार लांब असतो. पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर ताणा पसरायचा, पेज लावायची आणि मोठा कुंचा ओढत न्यायचा. ऊन तापायच्या आत सगळे आटपायचे. पेज वाळू लागली आणि धागे एकमेकांना चिकटले की संपले. म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार माणसे उभी राहत. आपापल्या पुढचे चिकटलेले धागे बोटांनी सोडवायचे. खळ काकाजी स्वतः करीत आणि चमचाभर चाखून पाहत. "तांदूळ जुना हाय," असे म्हणून एखादे वेळी सगळे पातेले गाईला घालत. ताण्याला ते बाई म्हणत. "चला बाई, न्हाऊन घ्या, मंग ऊन येईन."

कुंचा काकाजी ओढत. आणि त्यांची एक रीत होती, जी दुसऱ्या कोणाच्या पांजणीत मी पाहिली नाही. आपल्या पुढचे धागे सुटले की प्रत्येकाने मोठ्याने ओरडायचे, "मोकळं!" आठही ठिकाणांहून मोकळं ऐकल्याशिवाय त्यांचा कुंचा पुढे सरकत नसे. हळू म्हटलेले चालत नसे. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई, आणि ताणाही लांब.

बाकीच्यांना त्यात मजा वाटे. माझ्यासमोर सखूबाई उभी राहायची. विधवा, तोंडाची फटकळ, मनाची चांगली. तिचे मोकळं पार नदीपर्यंत जाई. माझे तोंडातच राही. पहिल्या दिवशी कुंचा माझ्यापाशी येऊन थांबला आणि सगळे थांबले.

"अवं म्हन ना!" सखूबाई म्हणाली. "आसगावच्या बायकाईले जीभ नसते का?"

मी म्हटले. कोणाला ऐकू आले नाही.

"काकाजी, हिनं म्हटलं, म्या पाह्यलं," सखूबाई ओरडली. "व्होट हालले हिचे."

"पाहून नाई चालत," काकाजी टोकाकडून म्हणाले. "ऐकू आलं पायजे."

असे दर पांजणीला होई. कोणी मला वाईट बोलले नाही, हे मी खरे लिहिते. पण तीस-पस्तीस घरांच्या गल्लीत, भर रस्त्यावर, पदर खोचून, नव्या सुनेने ओरडायचे, ही गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरत नव्हती. पांजणीच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नसे. सहा पहाटा मी केल्या. सहाव्या पहाटे नदीवर आंघोळीला जाणारे दोघे जण आमच्याजवळून गेले. मी कसेतरी जोर लावून ओरडले आणि आवाज फाटला. त्यातल्या एकाने तसाच फाटका आवाज काढून "मोकळं" म्हटले. दोघे हसले. सखूबाईने त्यांच्या सात पिढ्या काढल्या, पण मला पुढचे काही ऐकू आले नाही.

त्या दिवशीच मी ठरवले की आता पहाटे जायचे नाही. दुपारी घरात बसून कांड्या भरायचे काम होते, म्हणजे विणायचे सूत चरख्याने छोट्या नळ्यांवर गुंडाळायचे. ते मला आवडे. तिथे बोलावे लागत नसे. फक्त काकाजींना जाऊन सांगायचे होते की माझी वेळ बदलायची आहे. एवढेच. पेशगी घेतली होती, सायकल घरात उभी होती, पण मजुरीतून हळूहळू फिटली असती.

पुढची पांजणी होती त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेले. काकाजी ओसरीवर कुंच्याचे केस विंचरत बसले होते. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले. किती वेळ उभी होते सांगता येत नाही. त्यांनी वर पाहिले.

"काय वं? पहाटंचं विचाराले आली का?"

मी पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"उद्या मोठा ताना हाय. सहा लुगड्यांचा. भंडाऱ्याच्या शेठचा. कोंबड्याच्या आंधीच ये. येशीन ना?"

आणि मी मान हलवली. हो म्हणून. नाही म्हणायला गेले होते आणि होची मान हलवून घरी आले.

पहाटे मी गेले नाही. सासूबाईंना म्हटले, आज पांजणी नाही.

पुढचे सखूबाईकडून कळले. सात जण जमले. ताणा पसरला. सखूबाई म्हणाली, "काकाजी, थांबा, ते पोट्टी आली नाई." काकाजी म्हणाले, "येईन. काल मान हालवून गेली." त्यांनी पेज लावायला सुरुवात केली. माझी जागा रिकामी ठेवली, तिथे कोणाला सरकू दिले नाही. अर्धा ताणा भिजला तेव्हा त्यांना कळले की मी येत नाही. मग ते कुंचा ओढत, धावत माझ्या जागेवर येत, धागे सोडवत, पुन्हा धावत कुंच्याकडे जात. तेव्हा ते साठीच्या पुढे होते. सखूबाई म्हणाली, माझ्या जागेवरचे मोकळंही तेच ओरडत आणि तेच ऐकत. ऊन चढले. मधला हातभर पट्टा घोंगडीसारखा एकमेकांत बसला. सोडवायला गेले तर धागे तुटू लागले. शेवटी काकाजींनी कात्री मागितली. त्या सुताच्या काकींनी वाती वळल्या. दोन वर्षे त्यांच्या घरात त्याच वाती जळत होत्या.

दुपारी मी गेले. न जाऊन कसे चालले असते? काकाजी जेवत होते.

"तुही वेळ बदलली का?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली.

"काल सांगाले आली होती?"

पुन्हा मान.

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, खाली ठेवला. "सांगाचं होतं ना वं. मी बाईले रस्त्यावर नेलीच नसती. आठवं मानूस पाह्यलं असतं, नाई तर परवा केलं असतं." मग म्हणाले, "काहून बदलली?"

तेव्हा मी तोंड उघडले आणि खोटे बोलले. म्हटले, "सासूबाई नको म्हनते. सुनंनं रस्त्यावर उभं राहू नये म्हनते."

"बरं," ते म्हणाले. "आता कोनती वेळ?"

"दुपारी."

"दुपारी ये."

घरी जाऊन मी दुसरे खोटे सांगितले. सासूबाईंना म्हटले, काकाजींनीच मला दुपारी बोलावले.

आठवडाभराने मजुरी घेताना मी त्यांना कसेबसे म्हटले की पेशगीचे कापून घ्या. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांना मीठ घातलेली खीर वाढली.

"ते पैसे पहाटंचे हायेत," ते म्हणाले. "दुपारच्या मजुरीतून कसे कापू? सहा झाल्या, चव्वेचाळीस पहाटा राह्यल्या. येशीन तवा फिटन."

मला वाटले, राग उतरला की घेतील. वर्ष गेले, दुसरे गेले. सासूबाईंच्या हातून वाचवून मी सहासष्ट रुपये जमवले आणि पदराच्या गाठीत बांधून नेले. घेतले नाहीत. काकींना दिले तर काकी म्हणाल्या, "माह्याजवळ नको देऊ बाई, ते मले घराबाहेर काढन." दर दिवाळीला मी ती गाठ घेऊन जाई आणि तशीच परत आणी. सखूबाई म्हणे, "लोकं पैसे बुडवाले पळते, अन् हे द्याले पळून राह्यली. घे वं मले दे, मी बुडवतो."

गमतीचे वाटते लिहिताना. पण त्या वर्षांत मी काय पाहत होते तेही लिहिले पाहिजे. माझ्या जागेवर त्यांनी दुसरे माणूस घेतले नाही. कुंचा एका विणकराच्या हाती दिला आणि माझ्या जागेवर स्वतः उभे राहू लागले. ज्या माणसाने जन्मभर कुंचा ओढला तो एका जागी उभा राहून "मोकळं" ओरडे. मी घरात चूल पेटवता पेटवता तो आवाज ओळखत असे. आठ आवाजांत त्यांचा सर्वांत शेवटचा.

पुढे त्यांचे गुडघे गेले. थंडीत पहाटे उभे राहवेना. दुपारी मी कांड्या भरत असे आणि ते भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल चोळत काकींना म्हणत, "आठवं मानूस पायजे." मी चरखा फिरवत असे. त्यांनी माझ्याकडे पाहून कधी म्हटले नाही. मी एका हाकेच्या अंतरावर बसलेली होते. तोवर मला दोन मुले झाली होती, सून म्हणून नवीन राहिले नव्हते, आता कोण हसणार होते? रोज वाटे, उद्या म्हणेन, मी येते. एकदा तर "काकाजी" एवढे म्हटलेही. ते "काय वं?" म्हणाले. मी म्हटले, "कांड्या सरल्या."

मग मिलच्या कापडाने लुगड्यांची मागणी कमी झाली. सहा मागांचे तीन झाले, तीनचा एक. पांजणी बंद पडली. ती माझ्यामुळे बंद पडली असे मी म्हणत नाही. पण बंद पडण्याआधीची चार वर्षे तरी माझ्यामुळे त्यांच्या गुडघ्यांवर चालली.

शेवटच्या आजारात काकाजी बाजेवर पडून होते. माझी मोठी मुलगी तेव्हा पाचवीत होती. मी एका दुपारी त्यांच्यासाठी पातळ भात घेऊन गेले. काकी मागे भांडी घासत होत्या. काकाजींनी एक घास घेतला आणि म्हणाले, "तांदूळ नवा हाय."

का कोण जाणे, मला त्यानेच रडू आले.

"काकाजी, एक सांगाचं होतं."

"सांग ना."

"त्या वेळी सासूबाई नाई म्हनत नव्हती. मलेच लाज वाटे. ओरडाची. दोन मानसं हासले होते मले."

"मालूम हाय," ते म्हणाले.

मी भाताची वाटी खाली ठेवली.

"तुही सासू त्याच दिवशी सांजच्या पारी आली होती. माह्याशी भांडाले. म्हने, माह्या सुनंले पहाटंतून काहून काढलं? दीड रुपया जाते आमचा. म्या म्हटलं, हो, मीच दुपारची वेळ देल्ली तिले." ते थोडे हसले, मग खोकले. "जन्मात एकदाच कोनाची वेळ मी सांगितली वं. ते तुही."

"मंग मले कधी बोलले नाई?"

"तुही गोष्ट. म्या काहून सांगावं? तू सांगशीन म्हनून बसलो होतो." मग म्हणाले, "ओरडाचं नसतं, तर आली असती?"

"हो," मी म्हटले. मान हलवली नाही, तोंडाने म्हटले.

ते छताकडे पाहत म्हणाले, "तुह्यापाशी घंटी बांधली असती. गाईच्या गळ्यातली. मोकळं झालं का वाजवाची. त्यात काय होतं? सांगितलं असतं तर."

अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आले नव्हते, आणि त्यांना ते सुचायला क्षणही लागला नव्हता.

"पैसे आनले का?" त्यांनी विचारले.

गाठ माझ्या पदरालाच होती. मी सोडली. काकाजींनी हात पुढे केला. नोटा त्यांनी छातीवर ठेवून एक एक मोजल्या, सुटी नाणी बोटांनी चाचपून पाहिली. इतक्या दिवाळ्या मी विनवण्या केल्या, तेव्हा त्यांनी ते पैसे घेतले नव्हते. मला वाटत होते तो त्यांचा हट्ट आहे. आज घेत होते तेव्हा कळले की इतकी वर्षे या माणसाने मला पहाटेच्या कामावरून काढलेच नव्हते.

"सहासष्ट," ते म्हणाले. "बरोबर हाय. आता पहाटे येऊ नको."

त्यांनी काकींना हाक मारली. काकी ओले हात पुसत आल्या, पैसे घेतले, आत नेऊन डब्यात ठेवले. डब्याचे झाकण लावल्याचा आवाज मी ऐकला. सगळे पैसे फिटले, काही बाकी राहिले नाही.